गावसटीचरचं टेबल

हॉटेलात बसलं की माणसं मेनूकार्ड मागतात. प्रमिला गावस वेटरला विचारायची, "तुमकां आयज भितर जेवपाक कितें केलां?"

गिऱ्हाइकांसाठी काय शिजलंय ते राहू दे, आत रांधणाऱ्या-वाढणाऱ्या माणसांनी स्वतःसाठी काय केलंय ते सांग, असा तो प्रश्न. नवीन वेटर गोंधळायचा, जुना लाजायचा. बहुतेक ठिकाणी भात आणि सुक्या कोळंबीची कढीच असायची. उत्तर यायचं, "आमचें कितें टीचर, शीत आनी सुक्या सुंगटांची कडी." मग प्रमिला टेबलावर हात टेकून, वर्गातल्या मुलाने गणित बरोबर सोडवल्यासारखं म्हणायची, "तेंच हाड. एक वाटी." ते आणलं की मग आमचं बाकीचं जेवण ठरायचं.

डिचोलीच्या एका हायस्कुलात आम्ही एकत्र होतो. ती गणित शिकवायची, मी मराठी. उंच, हाडकुळी, आवाज असा की शेवटच्या बाकावरच्या मुलाला पेंगायची सोय नाही. मधल्या सुट्टीत डबा उघडण्याआधी ती हातावरचा खडू इतका वेळ धूत बसायची की इंग्रजी शिकवणारी लोर्ना म्हणायची, "ऑपरेशनाक वता काय गो?" डबा अर्थातच तिच्या वैनीने दिलेला. प्रमिलाला स्वयंपाक येत नव्हता आणि त्याची तिला लाज नव्हती. "मला रांधता येत नाही," ती सांगायची, "म्हणून मी लक्ष देऊन खाते."

ती मये गावात थोरल्या भावाच्या घरी राहायची. लग्न झालं नव्हतं. का झालं नव्हतं ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. भावाचे खनिजाचे ट्रक होते. खाणी बंद झाल्यापासून ते अंगणात उभे होते आणि त्यांच्या चाकांवरून रानवेली चढल्या होत्या. दादा रोज सकाळी उठून त्या ट्रकांकडे बघत चहा प्यायचा. घर शांत, सरळ, सणवार पाळणारं. त्या घरात आधी पुरुष जेवायचे, मग मुलं, आणि शेवटी वैनी आणि प्रमिला.

आमच्या बाहेर जेवण्याची सुरुवात म्हापशाला झाली. गॅदरिंगची खरेदी करायला शाळेने आम्हा चौघींना शुक्रवारच्या बाजारात पाठवलं होतं. मी, प्रमिला, इंग्रजीची लोर्ना आणि लायब्ररीतली संध्या. पताका, रंगीत कागद, मुलींच्या नाचाच्या ओढण्या घेता घेता दुपार कलली. संध्याला बसस्टँडजवळ भाजी-पाव खाऊन निघायचं होतं. प्रमिला मात्र एका बोळात शिरली आणि अर्ध्या दाराच्या एका 'बार अँड रेस्टॉरंट'पाशी थांबली.

"बारात?" संध्या पिशवी छातीशी धरून म्हणाली.

"बार त्या अंगाला. आपण ह्या अंगाला. भूक लागलीय ना? मग."

आत सगळे पुरुष. मालकाने लगबगीने कोपऱ्यातला पडदा सरकवला, फॅमिलीसाठी वेगळी जागा होती. प्रमिलाने तो पडदा पाहिला आणि म्हणाली, "पडद्यामागे बसायला आम्ही काय चोरी करून आलोय?" आणि मधल्या टेबलावर बसली. आम्ही तिघी खाली मान घालून तिच्याभोवती बसलो.

तिचा नियम मला तिथेच कळला. कोणी दोघींनी एकच पदार्थ मागवायचा नाही. चार ताटं वेगवेगळी आली. आम्ही दोन-चार घास खाल्ले असतील नसतील, तेवढ्यात ती म्हणाली, "फिरवा." आणि स्वतःचं ताट उजवीकडे माझ्यापुढे सरकवलं.

मी तशीच बसून राहिले. माझ्या माहेरी उष्ट्याचं फार होतं. वाढायचा डाव कुणाच्या ताटाला लागला तर आई तो बाजूला ठेवायची. आणि इथे दुसऱ्या बाईने बोटांनी मोडलेला मासा, तिच्या हाताचं शीत, तिच्या हाताची कडी. माझं ताट तोवर संध्याकडे गेलं होतं आणि तीही त्याच्याकडे बघत होती. लोर्नाच्या घरीही ही पद्धत नव्हती. ती म्हणाली, "आमगेरय अशें करिनात हां. तू पिशी."

प्रमिलाने माझ्याकडे पाहिलं. "नयन, डोळे मीट आणि खा. कोणाचं ते जिभेला कळत नाही."

मी खाल्लं. माशाशेजारी तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं होतं, ओल्या खोबऱ्यातलं, आणि त्यात तिने लिंबू पिळलं होतं, मी कधी पिळलं नसतं. मी पुन्हा घास घेतला. संध्याने माझ्या ताटातलं शीत बाजूला सारून माशाचा तुकडा उचलला. सगळी ताटं फिरून आपापल्या जागी आली तेव्हा आम्ही नुसत्या खात होतो. शेवटी लोर्ना म्हणाली, "तुझ्यापेक्षा माझंच बरं होतं."

त्यानंतर महिन्यातून एक शनिवार अर्धी शाळा सुटली की आम्ही लोर्नाच्या गाडीतून निघायचो. मोप्याच्या सड्यावर विमानतळाच्या टॅक्सीवाल्यांसाठी एकीने खाणावळ काढली होती, तिथे गेलो. पेडण्याच्या बाजारात एका घराच्या पडवीत दुपारचं जेवण मिळायचं, तिथे गेलो. हरमलला समुद्रावरच्या एका शॅकमध्ये प्रमिलाने नेहमीचा प्रश्न विचारला तेव्हा वेटरला कोंकणी समजली नाही. तो नेपाळचा होता. तिने हिंदीत विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, हमारा तो दाल-भात है, आलू है." तिने तेच मागितलं. त्याने आधी मॅनेजरकडे पाहिलं, मग आत जाऊन स्टीलच्या थाळीत आणून ठेवलं. मोहरीच्या तेलातला बटाटा होता. तिने एक घास घेतला आणि त्याला विचारलं, "हे तुझी आई असंच करते?" तो म्हणाला, आई ह्यात एक पाला घालते, तो इथे मिळत नाही. त्या पाल्याचं नाव त्याने सांगितलं, वास कसा असतो ते हाताने नाकाशी चिमूट धरून दाखवलं. दुसऱ्या टेबलावरचे रशियन हाका मारत होते तरी तो आमच्यापाशी उभा होता.

वाईनचं प्रकरणही तिनेच काढलं. म्हापशाच्या एका दुकानात तिने कागद वाचला, की हरमलच्या अलीकडच्या एका मोठ्या हॉटेलात संध्याकाळी वाईन चाखण्याचा कार्यक्रम आहे. "चाखायचीच तर आहे," ती म्हणाली. संध्या यायला तयार नव्हती. मग म्हणाली, मी नुसती बघेन.

उन्हं उतरायच्या वेळी आम्ही पोचलो. हिरवळीवर पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं, नाजूक देठाचे काचेचे कोप, प्रत्येकात तळाशी बोटभर वाईन. सांगणारा पोरगा नाशिकचा निघाला, तेव्हा मराठीत सुरू झालं. आधी कोप फिरवा, मग नाक आत घाला, मग घोट घ्या, तोंडात घोळवा आणि ह्या भांड्यात थुंका.

"थुंका?" लोर्ना म्हणाली. "आनी पियेवप खंय?"

"मॅडम, चाखताना पीत नाहीत. नाहीतर पुढची चव कळत नाही."

प्रमिलाने भांडं दूर ढकललं. "तोंडात घेतलेलं मी बाहेर टाकत नाही," म्हणाली आणि घोट गिळला.

पोरगा सांगत होता, ह्या लाल वाईनमध्ये ब्लॅकबेरी आहे, व्हॅनिला आहे, थोडं चामडं जाणवतं. लोर्नाने विचारलं, चपलेचं की पर्सचं? प्रमिलाने कोपात नाक घातलं आणि बराच वेळ काढलंच नाही. मग म्हणाली, "कोकमाची सोलं वाळत घातलेलं सूप. दोन उन्हं खाल्लेलं." आणि दुसऱ्या एका वाईनला, "जांभळं पडलेल्या वाटेवरून कोणीतरी सायकल नेलीय." त्या पोराला काही कळलं नसावं, पण तो हसून "बरोबर आहे मॅडम" म्हणत होता. संध्याने शेवटी एकच थेंब जिभेला लावला आणि सांगितलं की खोकल्याच्या औषधासारखं लागतं. त्यालाही तो बरोबर आहे म्हणाला.

परत येताना गाडीत प्रमिला मागच्या सीटवर माझ्याशेजारी होती. पेडणं मागे टाकल्यावर म्हणाली, "घरी मी शेवटी जेवते. वैनी चांगलं रांधते, मीही चांगलं आहे म्हणून सांगते. पण मला कोणी विचारत नाही कसं झालंय. आज तो पोरगा दर घोटाला विचारत होता, मॅडम, कसं वाटलं?"

तिने एक बाटली घेतली होती. ती मयेला नेणं शक्य नव्हतं, म्हणून लोर्नाच्या घरी कपाटात राहिली. पुढे कधी जेवण लोर्नाच्या पडवीत व्हायचं तेव्हा त्यातले चमचा-चमचा घोट आम्ही घ्यायचो. प्रमिला कधी कोप पुन्हा भरून घेताना मला दिसली नाही. तिला वास हवा असायचा, आणि त्याबद्दल बोलायला माणसं.

त्या हॉटेलने कार्यक्रमाचे फोटो आपल्या पानावर टाकले. एकात प्रमिला मान मागे टाकून हसतेय, हातात कोप उंच धरलाय. तो फोटो डिचोलीत फिरला, एका मोबाईलवरून दुसऱ्यावर, आणि मयेला पोचला.

दादाने तिला समोर बसवून विचारलं. ते तिने आम्हाला स्टाफरूममध्ये नकलेसकट सांगितलं. "लोक म्हणटात, गावसांची चली बारांत बसता." त्यावर ही म्हणाली, "दादा, पन्नाशीला टेकलेल्या बाईला अजून चली, पोरगी म्हणणारे लोक मनाने बरे असणार." दादा हसला नाही. श्रावण सुरू झाला तसा वैनीने तिचा पाणी प्यायचा कोप वेगळ्या फळीवर ठेवला. श्रावण संपला तरी तो तिथेच राहिला. "बरं झालं," प्रमिला म्हणाली, "आता हरवत नाही." आम्ही हसलो. ती डबा बंद करून तासाला गेली तेव्हा डब्यात बरंच तसंच होतं.

संध्याला तिच्या नवऱ्याने मनाई केली. तिने ते लायब्ररीत, पुस्तकांवर शिक्के मारता मारता, मान वर न करता सांगितलं. "माझं आता जमायचं नाही गे." प्रमिलाने तिच्यापुढचं एक पुस्तक उचललं, चाळलं, परत ठेवलं. "संध्या, सोमवारचा उपास सोडताना आठवण काढ आमची."

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली आणि काही दिवसांनी नववीच्या वर्गातून हसण्याचा आवाज येऊ लागला. प्रमिलाच्या तासाला मुलं हसत नसत. मी व्हरांड्यातून जात होते. ती फळ्याकडे तोंड करून 'समद्विभुज' म्हणत होती आणि तो शब्द मधेच लोळत होता. तिने पुन्हा म्हटला. पुन्हा लोळला. तिने फळ्यावर लिहिला आणि त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या.

"दात काढलास काय?" मी विचारलं. म्हणाली, जीभ जड झालीय, झोप पुरत नसेल. पण दिवसेंदिवस ते वाढत गेलं. सकाळी बरी असायची, दुपारपर्यंत शब्द एकमेकांत मिसळायचे. बोलता बोलता कधी उगाच रडू यायचं, कधी हसू यायचं आणि ते थांबवता यायचं नाही. मुलं मधल्या सुट्टीत तिची नक्कल करायची, भिंतीला धरून झोकांड्या खात. झोकांड्या ती कधीच खात नव्हती, तेवढं पोरांनी स्वतःचं घातलं होतं. घरी जाऊन मुलं सांगायची, "आमची टीचर सोरो पियेवन येता."

पालकांच्या सभेत टीचर दारू पिऊन येते हे उघड बोललं गेलं. एकाने मोबाईल काढून तो फोटो हेडमास्तरांना दाखवला.

हेडमास्तरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा सोबत बाईमाणूस हवं म्हणून लोर्नाला बसवलं. पुढचं मला लोर्नाने सांगितलं, आणि सांगताना ती इंग्रजीत शिरली, मग कोंकणीत आली. हेडमास्तर म्हणाले, टीचर, जरा जवळ या. प्रमिला टेबलाला वळसा घालून त्यांच्याजवळ गेली. ते म्हणाले, बोला काहीतरी. ती म्हणाली, काय बोलू? त्यांनी वास घेतला. मग खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "वास नाही. पण वोडकाला वास नसतो म्हणतात."

प्रमिलाला तेव्हा हसू आलं. ते तिला आवरेना. लोर्ना तिचा दंड धरून बाहेर घेऊन आली तरी ती हसतच होती. हेडमास्तरांची खात्री पटायला तेवढं पुरलं.

तिने रजा टाकली. एका डॉक्टरने ताण म्हटलं. एकाने थायरॉइड. दाताच्या डॉक्टरने दोन दाढा काढल्या. मग मोठ्या इस्पितळात सुया टोचून स्नायूंची तपासणी झाली आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला आणि दादाला बसवून सांगितलं. नसांचा आजार आहे, स्नायू एकेक करून काम सोडतात. हिचा जिभेपासून सुरू झालाय. मग गिळणं, मग हात, मग श्वास. आम्ही शक्य तेवढा त्रास कमी करू. बरा करणारं औषध नाही.

मी भेटायला गेले तेव्हा तिने मला हे फोनवर टाइप करून दाखवलं. तोंडाने बोलली असती तर मला अर्धं कळलं नसतं, आणि मला न कळलेलं तिला पुन्हा सांगायचं नव्हतं. शेवटी तिने लिहिलं होतं, 'जिभेपासूनच. बघ.'

दादा शाळेत आला तो ह्यानंतर. हेडमास्तरांच्या टेबलासमोर उभा राहिला. मी मस्टरवर सही करायला तिथेच होते. तो उंच माणूस, बहिणीसारखाच हाडाचा, धुतलेला सदरा घालून आला होता. म्हणाला, "म्हजी भयण बेबदी न्हय." दारुडी नव्हे. आणि आजाराचं नाव सांगितलं, ते त्याने वाटेत घोकून आणलं होतं.

हेडमास्तर उठून उभे राहिले. वाईट वाटलं म्हणाले, खरंच वाटलं असेल. दादा म्हणाला, "तुमी सगळ्यांमुखार आयकलें. आतां सगळ्यांमुखार सांगात." प्रार्थनेच्या वेळी मुलांना सांगा, एवढंच त्याचं मागणं होतं. हेडमास्तर म्हणाले, मुलं लहान आहेत, आजाराचं ऐकून घाबरतील, बघू, योग्य वेळ बघून. ती वेळ आली नाही. पुढे डिचोलीच्या बाजारात आमच्या शाळेतून पास झालेली एक मुलगी भेटली, चांगली, समंजस मुलगी. गावसटीचरची चौकशी करत मला म्हणाली, "दारूनेच झालं ना त्यांना ते?"

त्या दिवशी फाटकापर्यंत मी दादाबरोबर गेले होते. तो म्हणाला, "मीसुद्धा एक दिवस तिच्या खोलीत बाटल्या शोधल्या. ती शाळेत गेलेली असताना. कपाट उघडलं, गादी उलटी केली." मग रिक्षाला हात केला.

तोवर लोर्नाचंही जायचं ठरलं होतं. तिच्या मुलीने पोर्तुगीज पासपोर्टवर लंडनला घर केलं होतं, बोटीवर नोकरी करणारा नवरा कायमचा उतरला होता, आणि आता सगळं आवरून तिकडेच राहायचं होतं. प्रमिलाने आम्हा दोघींना मेसेज केला. 'हरमल. शनिवार. मी येतेय.'

दादाने तिला गाडीत बसवून दिलं. वैनीने हातात मऊ टॉवेल दिला, कारण एव्हाना तिला तोंडातली लाळ गिळता येत नव्हती आणि ती सारखी टिपावी लागायची. ती खूप बारीक झाली होती. कसंबसं दाटसर खीर-पेज खाली उतरायची, पातळ काही घेतलं तर ठसका लागायचा.

हरमलच्या त्या शॅकमध्ये आता नेपाळी वेटर नव्हता. आम्ही समुद्राच्या बाजूचं टेबल घेतलं. प्रमिलाने मेनूकार्ड मागितलं. बोलणं जमत नव्हतं म्हणून बोटाने दाखवत तिने मागवलं, लोर्नासाठी एक, माझ्यासाठी एक. वेटरने विचारलं, "ह्या मॅडमना काय?" लोर्ना म्हणाली, "त्यांचं झालंय."

सुंगटांचं हुमण, म्हणजे कोळंबीचं कालवण, आलं. मी घास घेतला. प्रमिला माझ्याकडे बघत होती. तिने फोन पुढे केला. 'सांग.'

"छान आहे," मी म्हणाले.

'छान म्हणजे काय. नीट सांग.'

मी जन्मभर मुलांना वर्णनात्मक निबंध शिकवले. मी म्हणाले, आंबट आहे. चिंच नाही, बिंबलं असतील. खोबरं जाड वाटलंय, दाताखाली येतंय. मिरचीचा रंग आहे, तिखटपणा नाही. त्रिफळं आहेत, शेवटी येतात, जिभेच्या कडेला. ती मान हलवत होती, पुढे, अजून. लोर्ना रडत जेवत होती आणि जेवत सांगत होती. मग प्रमिलाने माझ्या ताटातल्या रसात करंगळी बुडवली आणि कोणी काही म्हणायच्या आत जिभेवर ठेवली.

क्षणभर तिचा चेहरा पूर्वीसारखा झाला. लक्ष देऊन खाणारा. आणि मग ठसका लागला. खुर्ची मागे गेली. तिला श्वास घेता येईना, घशातून एक चिरका आवाज येत होता, ओठ काळेनिळे पडले. वेटर पाणी घेऊन धावला, पाणी नको, पाणी नको, म्हणून लोर्ना ओरडली. मी तिला पुढे वाकवून पाठ धरून राहिले. शेजारच्या टेबलावरच्या कुटुंबाने आपली मुलं उचलून दुसरीकडे नेली. एकजण लांबून मोबाईल धरून उभा होता.

ते थांबलं. ती टेबलावर डोकं ठेवून बसली. मॅनेजर आला, वाकून हळू आवाजात, खूप सभ्यपणे म्हणाला, "मॅडम, त्यांना घरी नेलेलं बरं." प्रमिलाने मान वर केली, टॉवेलने तोंड पुसलं आणि फोनवर एक शब्द लिहिला. 'चल.' आमची ताटं अर्धी होती.

त्याच आठवड्यात तिच्या पोटात नळी बसवली. लोर्ना मोप्याहून विमानाने गेली. जाताना तिने मयेला फोन केला, दादाने तो प्रमिलाच्या कानाशी धरला, आणि लोर्ना सांगते की तिला फक्त श्वास ऐकू आला.

मी अधूनमधून जात राहिले. हात गेले तसा फोनही गेला. डोळ्यांनी हो-नाही कळायचं. दादा सगळं स्वतः करायचा. पेज गाळून, कोमट करून, मोठ्या सिरिंजमधून नळीत सोडायचा, आणि सोडताना तिच्याशी बोलायचा. आज तांदूळ नवा आहे हां. आज त्यात थोडी मुगाची डाळ आहे. नळीतून गेलेल्याला चव नसते हे त्याला माहीत होतं.

शेवटची पाहिली ती एका दुपारी. तिची चाकाची खुर्ची खिडकीपाशी होती. स्वयंपाकघराचं दार लावलेलं होतं आणि घरात कसलाच वास नव्हता, फोडणीचासुद्धा. वैनीने मला बाजूला घेऊन सांगितलं. आम्ही आता मासळी आणत नाही. भाजीसुद्धा उकडून घेतो. तिला वास आला की तोंडाला पाणी सुटतं, ते पाणी तिला गिळता येत नाही, श्वासात जातं. मुलं दार लावून जेवतात, आवाज न करता.

आम्ही बोलत असतानाच शेजारच्या घरातून वास आला. बांगडे तव्यावर पडले होते, हळद-मिरचीचे, तांदळाच्या पिठात घोळवलेले. त्यांचं रांधपाचं घर दगडी गडग्यापलीकडे, खिडकीच्या समोरच. माझ्याही तोंडाला पाणी सुटलं.

प्रमिलाच्या घशातून घरघर सुरू झाली. डोळे मोठे झाले. दादा आतून धावत आला. "जनेल धांप गे!" तो वैनीवर ओरडला आणि त्याने लाळ ओढायच्या यंत्राची नळी तिच्या तोंडात घातली. वैनीने खिडकी ओढून घेतली, कडी लावली. यंत्र गुरगुरत राहिलं. दादा एका हाताने तिचं कपाळ धरून दुसऱ्या हाताने लाळ खेचत होता आणि तोंडाने नुसतं "जालें, जालें" म्हणत होता. हळूहळू ती शांत झाली. त्याने तिचं तोंड पुसलं, टॉवेल बदलला आणि मागच्या दाराने बाहेर गेला. मी निघायला उठले. तिच्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

अंगणात आले तेव्हा दादा गडग्यापाशी उभा होता. शेजारीण आपल्या दारात आली होती, हातात कालथा, चेहरा ओशाळा. तो तिला हात जोडत होता. काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. ती म्हणाली, "हय हय, म्हज्या लक्षांतूच येवंक ना," आणि घाईने आत गेली.

मी मागे वळून पाहिलं. खिडकीच्या काचेमागे प्रमिला बसली होती. मान एका बाजूला कललेली, तिला सरळ करता येत नव्हती. काचेतून तिला शेजारचं रांधपाचं घर दिसत होतं. शेजारणीने चुलीवरून तवा खाली उतरवला, अर्धेकच्चे बांगडे तसेच त्यावर ठेवून वर झाकण घातलं आणि आपलंही दार लावून घेतलं. प्रमिला ते बघत होती.